तिचं घर फौजीनं बांधलं

आमच्या दोघींच्या घरांना सरकारी मंजुरी एकाच दिवशी आली. महापालिकेच्या झोन ऑफिसच्या साहेबानं आधी तिला सांगितलं आणि मग मला. एवढीशी गोष्टही माझ्या मनात घर करून राहिली, यावरून माझ्या स्वभावाचा अंदाज यावा.

ती म्हणजे माझी शेजारीण. शहरात सक्करदऱ्याच्या मागच्या अंगाला आमची वस्ती आहे. ती भिवापूरकडून आली, मी शहरातलीच. आम्ही दोघी एकाच सालच्या नवऱ्या. तिच्या आणि माझ्या घरात एक भिंत होती, तीही अर्धी विटांची आणि वर टिनाची. तिच्याकडे मिरची कुटली की माझ्याकडे सगळ्यांना ठसका लागायचा. तिचा नवरा पोरगा लहान असतानाच गेला. तेव्हापासून ती माहेरची लाल मिरची आणून बुधवार बाजारात विकते. मी अंगणवाडीत मदतनीस होते आणि माझा नवरा एका मंगल कार्यालयात चौकीदार. दुःखाच्या दिवसांत मी तिला धरून होते, हे वस्तीत कोणीही सांगेल. तिचं बरं चाललेलं मात्र मला पाहवत नव्हतं.

याची सुरुवात घरांच्या खूप आधी झाली. तिचा पोरगा आणि माझा पोरगा बरोबरीचे. दोघांनी मिळून फौजेच्या भरतीची तयारी केली. उजाडायच्या आत तलावाच्या रस्त्यानं पळायला जायचे. परत आले की माझ्याच ओट्यावर बसून उकडलेली अंडी खायचे. अंडी मी उकडायची. तिला पहाटे बाजाराचं सामान आवरायचं असे, म्हणून तिच्या पोराचंही मीच करत असे. पळण्यात माझा पोरगा पुढे होता. भरतीच्या मैदानावरही तो तिच्या पोराच्या पुढे आला. मग डॉक्टरी तपासणीत त्याला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं आणि तळव्यांचा पूर्ण ठसा उमटला म्हणून बाहेर काढलं. सपाट तळवे फौजेला चालत नाहीत. ते तळवे त्यानं माझ्याकडून घेतलेले. माझेही तसेच आहेत.

तिचा पोरगा लागला. तोही इंजिनियर पलटणीत, जिथं पूल बांधतात, रस्ते काढतात, जवानांसाठी बराकी आणि क्वार्टर उभारतात. माझा पोरगा पुण्याला एका मोठ्या गोदामात गेला. तिचा पोरगा सुट्टीवर आला की मिलिटरी कँटीनचं सामान आणायचा, आणि ती त्यातले साबण, शाम्पू, चहाचा डबा मला आणून द्यायची. मी ते वापरायचे. अंगाला साबण लावताना दर वेळी मला वाटायचं की हा साबण माझ्या घरातून तिच्या घरी जायला हवा होता.

तर घरांचं सांगते. वस्तीतल्या जागेचे पट्टे सरकारनं आमच्या नावावर करून दिले होते. ज्याच्याकडे पट्टा, त्याला पक्कं घर बांधायला मदत, अशी योजना होती. घर ज्याचं त्यानं बांधायचं. जोतं झालं की इंजिनियर येऊन मोबाइलवर फोटो काढणार, भिंती दाराच्या वर गेल्या की पुन्हा फोटो, स्लॅब पडला की पुन्हा. फोटो वर गेला की पुढचा हप्ता खात्यात. नकाशासुद्धा दोघींना सारखाच मिळाला, एक खोली, एक हॉल, स्वयंपाकाची जागा आणि आत संडास-बाथरूम. मी तो नकाशा पाहून मनाशी म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी आम्हा दोघींना कोणीतरी एका मापानं मोजलं.

जुनी घरं एकाच आठवड्यात पाडली. आम्ही पुढच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली. तिनंही खोली पाहिली होती, पण पोरगा सालभराची सुट्टी जमवून आला आणि म्हणाला, कायले भाडं भरतं. त्यानं कामठीच्या जुन्या मालाच्या दुकानातून हिरवी फौजी ताडपत्री आणली, बांबू रोवले आणि नाल्याकडच्या मोकळ्या जागेत असा तंबू ठोकला की वस्तीची लेकरं तो पाहायला गोळा झाली. आत खाट, चूल, मिरचीची पोती, सगळं जागच्या जागी. वस्तीत कोणी कोणाच्या तात्पुरत्या झोपडीचा हेवा करत असेल असं मला वाटत नाही. मी केला.

मी माझं काम एका ठेकेदाराला दिलं होतं. वस्तीतली आणखी काही घरं त्याच्याकडेच होती. त्यानं जोतं पटकन उचललं, फोटो झाला, हप्ता आला, आणि मग तो येईनासा झाला. आज सेंट्रिंगवाला नाही, उद्या मिस्त्री गावाला गेला, परवा रेती मिळत नाही. विटांचा ढीग तसाच पडून राहिला. जोत्यावर कुत्री झोपू लागली.

तिच्याकडे मात्र पोराबरोबर त्याच्या पलटणीतले आणखी दोघं आले. एक खाप्याचा, दुसरा भिवापूरच्या बाजूच्या खेड्यातला. दोघंही आपापल्या घरी सुट्टीवर आलेले, मित्राच्या घरासाठी म्हणून थोडे थोडे दिवस काढून आले. ऊन चढायच्या आत त्यांचं अर्धं काम झालेलं असे. एक विटा भिजवतोय, एक माल कालवतोय, तिचा पोरगा सूत धरून भिंत उचलतोय. बोलणं कमी. मधेच कोणीतरी हिंदीतून काहीतरी म्हणायचं आणि तिघं हसायचे. दुपारी ती तंबूच्या तोंडाशी बसून भाकरी थापायची आणि तिघांना वाढायची. ती थकलेली दिसत नव्हती. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी तिला असं भरलेलं पाहिलं.

मी अंगणवाडीतून घरी जाताना लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले, म्हणजे तिचं बांधकाम दिसू नये. मग वाटायचं, किती वर गेलं ते पाहून यावं. मग पुन्हा मागे फिरून जायचे.

इंजिनियर बाई भिंतींचे फोटो काढायला आल्या तेव्हा मी तिथंच होते. तरुण होत्या, स्कूटीवर यायच्या, तोंडाला ओढणी बांधलेली. त्यांनी तिच्या भिंतीला ओळंबा लावून पाहिला आणि म्हणाल्या की माझ्या हद्दीतली सगळी घरं अशी असती तर माझं काम किती सोपं झालं असतं. तिच्या पोराला विचारलं, कुठं शिकलात. तो सावधान उभा राहिल्यासारखा उभा राहून म्हणाला, "पलटणमध्ये, मॅडम. उंचावर जवानांचे क्वार्टर बांधले आम्ही. तिथं थंडीपासून वाचवा लागते, इथं उन्हापासून." मग बाई माझ्या जोत्याकडे वळल्या, झोपलेलं कुत्रं हाकललं आणि मला म्हणाल्या, काकू, काम पुढे सरकलं नाही तर हप्ता अडकेल. त्यांचं काही चुकलं नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली. सरकारनं आम्हा दोघींना सारखंच दिलं होतं. फौजेनं एकीलाच दिलं होतं. आणि ते पैशांत मोजण्यासारखं नव्हतं. तिला हात मिळाले होते.

एक दिवस संध्याकाळी तिचा पोरगा हातपाय धुऊन आमच्या भाड्याच्या खोलीवर आला. लहानपणी यायचा तसाच, दारात न थांबता सरळ आत. मी चहा टाकला. त्यानं थोडं इकडचं तिकडचं बोलून विचारलं,

"मावशी, तुमचा ठेकेदार येऊन नाही राहिला का?"

"येते ना. सामान यायचं आहे त्याचं."

"आईच्या भिंती झाल्याच आता. आम्ही तिघं आहो अजून. तुमच्या उचलून देतो. विटा तर पडूनच आहे."

माझा नवरा कोपऱ्यात कामावर जायची तयारी करत होता. त्याचा चेहरा उजळला. तो काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "नोको गा. त्याच्यासंग बोलणं झालं आहे. दुसऱ्यानं हात लावला तं भांडण करते तो."

पोरानं कप उचलला. मग म्हणाला, बरं, लागलं तर सांगजा. चहा पिऊन गेला. तो गेल्यावर नवऱ्यानं मला एवढंच विचारलं की असं कोणतं बोलणं झालं आहे. मी भांडी घासायला बसले. खरं सांगायचं तर तिच्या पोरानं माझं घर बांधलं असतं, तर त्या घरात मला रोज तिच्या पोराच्या भिंतींत राहावं लागलं असतं. मला ते नको होतं. मला माझा पोरगा हवा होता. पण पुण्याहून माझ्या पोराचा फोन आला की मी त्याला सांगायची, सारं ठीक आहे, काम चालू आहे. शेजारी फौजी घर बांधतोय आणि आपल्याकडे कुत्री झोपली आहेत, हे माझ्याच्यानं बोलवत नव्हतं.

तिच्या स्लॅबची सेंट्रिंग लागली आणि तिच्या पोराला पलटणीतून फोन आला. सुट्टी रद्द, लगेच हजर व्हा. भिवापूरकडच्या मित्रालाही तसाच फोन आला. खाप्याचा दुसऱ्या तुकडीतला, तो तेवढा राहिला. लग्नसराईचे दिवस, मजूर मिळत नव्हते. वस्तीत निरोप गेला की उद्या सकाळी स्लॅब टाकायचा आहे, ज्यांना जमेल त्यांनी या. स्लॅब पडला की त्याच संध्याकाळच्या गाडीनं पोरगा निघणार होता.

मी जाणार नव्हते. पण न जाणंही दिसलं असतं, म्हणून चहाची मोठी किटली आणि कप घेऊन गेले. विहारातली मंडळी, बाजारातल्या तिच्या ओळखीच्या बाया, रिक्षावाले, बरेच जण होते. मिक्सर घरघरत होता, शिडीवर माणसांची रांग लागली होती, घमेली हातोहात वर जात होती. खाली जमिनीवर पाणी शिंपडलेलं होतं. मी किटली ठेवायला वाकले तर ओल्या मातीत पावलांचे ठसे दिसले. मधे कमान नसलेले, सगळा तळवा टेकलेला. मी वर पाहिलं. शिडीच्या वरच्या टोकाला, डोक्याला गमछा बांधून, माझा पोरगा घमेलं घेत होता.

त्यानंही मला पाहिलं. हसला आणि घमेलं पुढे देऊन पुन्हा हात खाली केले. रांग थांबत नव्हती. त्याची बॅग तिच्या तंबूत, मिरचीच्या पोत्यावर ठेवलेली होती.

मी तिथं किती वेळ उभी होते मला आठवत नाही. कोणीतरी माझ्या हातातून कप घेतले आणि चहा वाटला. स्लॅब पूर्ण झाला, लोक हातपाय धुवायला लागले, तेव्हा मी त्याला बाजूला बोलावलं.

"घरी काहून नाही आला पहिले?"

"गाडी उशिरा आली, आई. इथं काम सुरू झालं होतं. स्लॅब मधात थांबवता येत नाही."

"तिच्या स्लॅबले सुट्टी भेटली तुले. माह्या घरासाठी एक दिवस नाही भेटली."

तो गमछ्यानं तोंड पुसत होता. पुसता पुसता थांबला. "दोस्तानं बोलावलं, आई. तू कधी बोलावलंच नाही. जव्हा विचारलं तव्हा तू म्हणे, सारं ठीक आहे, ठेकेदार करून राहिला."

तो रागावलेला नव्हता. खरंच सांगत होता.

दुपारी तो माझं जोतं पाहायला गेला. मी मागोमाग गेले, पण लांब उभी राहिले. तो जोत्याच्या कडेला उकिडवा बसला होता. थोड्या वेळानं तिचा पोरगा आला आणि त्याच्या शेजारी तसाच बसला. दोघांची पाठ माझ्याकडे होती. पोरं असताना माझ्या ओट्यावर बसायची तशीच बसली होती. एकानं काडीनं मातीत काहीतरी रेघा मारल्या, दुसऱ्यानं त्या पुसून दुसऱ्या मारल्या. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी माझाच पोरगा त्याला स्टेशनवर सोडायला गेला. तिनं पोराला दारातून निरोप दिला. दार म्हणजे नुसती चौकट होती. ती हात हलवत उभी राहिली आणि ऑटो वळल्यावर तंबूत जाऊन बसली. मी तिच्याकडे जायला हवं होतं. गेले नाही.

माझ्या पोरानं पुण्याला फोन करून सुट्टी वाढवून घेतली. खाप्याचा मित्र आणखी काही दिवस थांबायला तयार झाला. ठेकेदाराला बोलावून हिशोब मोकळा केला, त्याच्याशी पोरगाच बोलला, मला वाटलं होतं तसं भांडण काही झालं नाही. मग ते दोघं आणि एक मिस्त्री मिळून भिंती उचलू लागले. मी भाकरी थापायची, वाढायची. जे मी दुरून पाहिलं होतं ते आता माझ्या अंगणात होतं, आणि मला सुख झालं, हे मी लपवत नाही. पण काही अडलं की माझा पोरगा तिच्या पोराला फोन लावायचा. खिडकी किती वर घेऊ, सळई किती जवळ बांधू. तिकडून तो सांगायचा आणि इकडे हा करायचा. म्हणजे शेवटी माझ्या भिंतीतही तो आलाच.

आणि ती यायची. स्वतःच्या स्लॅबवर पाणी भरून झालं की पाइप ओढत माझ्या भिंतींना पाणी मारायला यायची. मे महिन्याचं ऊन, नळाला पाणी अर्धा तास. मी म्हणायची, राहू दे वं, मी मारतो. ती म्हणायची, "तुह्या पोरानं माह्या स्लॅबची घमेली मोजून देली का?" आणि मारत राहायची. मला तिचा राग यायचा. ती एखादा शब्द तिरका बोलली असती, तिनं थोडा तोरा मिरवला असता, तर माझं मन हलकं झालं असतं. तिनं तसं कधी केलं नाही.

दारांच्या वरपर्यंत भिंती आल्या आणि माझा पोरगा परत गेला. स्लॅब दुसऱ्या मिस्त्रीनं मजूर लावून टाकला. पावसाळ्याच्या आत दोघी आपापल्या घरात राहायला गेलो.

मग चाव्या वाटपाचा कार्यक्रम झाला. एका सभागृहात बऱ्याच वस्त्यांतल्या लोकांना बोलावलं होतं. स्टेजवर चावी घेण्यासाठी आमच्या वस्तीतून तिची निवड झाली. इंजिनियर बाईंनीच नाव दिलं असणार. आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की तिच्याकडे स्टेजवर नेसण्यासारखी साडी नाही. मी माझी जांभळी साडी काढून दिली. मी ती माझ्या घराच्या प्रवेशासाठी घेतली होती आणि एकदाच नेसले होते.

मी प्रेक्षकांत बसले. मोठ्या साहेबांनी भाषणात तिच्या पोराचा उल्लेख केला. जवान देशाची हद्द सांभाळतो आणि सुट्टीत गरिबाचं घर उभं करतो, सरकारचा पैसा आणि फौजेचे हात असे एकत्र आले तर काय होऊ शकतं, असं काहीसं ते बोलले. टाळ्या पडल्या. मग तिच्या हातात माइक दिला. ती घाबरली होती. थोडकं बोलली. म्हणाली, पोरानं बांधलं, पण स्लॅबच्या दिवशी शेजारणीचा पोरगा पुण्याहून आला नसता तर झालं नसतं. ती मला शोधत होती, माझ्याकडे बोट दाखवलं. लोकांनी वळून पाहिलं. मी हात जोडले.

यावर आनंद व्हायला हवा होता. मला मात्र असं वाटलं की माझ्या पोराचं कौतुक करायचा हक्कही तिलाच मिळाला, तोही माझी साडी नेसून. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. तिचा चेहरा जरा अंधारलेला, साडीचा काठ मात्र छान उठून दिसत होता. साडी तिनं धुऊन, इस्त्री करून आणून दिली. मी पुन्हा नेसले नाही.

आता दोन्ही घरांत राहून आम्ही रुळलो आहोत. तिच्या पोरानं भिंतींत वरच्या बाजूला झरोके ठेवले होते, त्यामुळं उन्हाळ्यात तिच्याकडे दुपारी बसवतं. माझ्याकडे कूलर लावूनही स्लॅब तापतो, कारण ते झरोके ठेवायचे हे फोनवर सांगायचं राहून गेलं. मी दुपारी भाजी निवडायला तिच्याकडे जाते. तिथल्या गारव्यात बसते आणि मनात हेच धरून बसते.

मधे सीमेवर तणाव होता. बातम्यांत दिवसभर तेच. तिच्या पोराचा फोन लागेना. नळावर पाण्याला गेलं की सगळ्या बाया तिला विचारायच्या, फोन आला का, काही कळलं का. तिला रांगेत पुढे जाऊ द्यायच्या, तिची पाण्याची गुंडी कोणीतरी उचलून द्यायचं. विहारात तिच्या पोरासाठी वंदना झाली. ती सुकून गेली होती. मिरची कुटायला बसली की मुसळ हातात धरून तशीच बसून राहायची. एका दुपारी मी तिच्याजवळ गेले, मुसळ घेतलं आणि कुटायला लागले. दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीमुळं होतं असं दोघींनाही म्हणता येत होतं.

ती म्हणाली, "तुह्या पोराले फोन लागते तरी."

मी हो म्हणाले. आणि सांगायला जड जातं, पण त्याही घडीला माझ्या मनात आलं की माझ्या पोराची विचारपूस नळावर कोणी कधी केली नाही. गोदामात जड पेट्यांखाली त्याचा हात एकदा चेचला होता, आठवडाभर पट्टी होती. तो बरा आहे का, हे वस्तीत कोणी विचारलं नव्हतं. तिच्या काळजीलासुद्धा मान होता.

काही दिवसांनी तिच्या पोराचा फोन आला. ती चप्पल न घालता धावत माझ्या दारात आली, फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाली, बोल. तो म्हणाला, "मावशी, आईजवळ राहजा." मी म्हटलं, राहतो गा. आवाज तुटत होता, मग बंद झाला. ती माझ्या उंबऱ्यावर बसली आणि खूप वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

ती गेल्यावर मी पुण्याला फोन लावला. पोराची जेवणाची सुट्टी होती. मी विचारलं, काय जेवला. तो म्हणाला, डाळभात. मग त्यानं विचारलं, "काहून वं आई, काही झालं का?"

"काही नाही झालं," मी म्हटलं, आणि त्याच्या हाताचं विचारलं.